जुन्या डिझेल पिकअपचा दाब कमी: नळी, कॅन, गेज, स्कॅनर की थेट पंपवाला?

चिरे भरलेली जुनी पिकअप गोव्यातल्या पर्वरीची चढण घेताना दम टाकते. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी ओढ नाही. सपाटी आली की मात्र गाडी नीट पळते. गॅरेजमध्ये पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "पंप गेलाय, सोडवायला लागेल." डिझेल दाबाने इंजिनात पाठवणारा हा पंप जातो, यात शंका नाही. पण टाकीतली जाळी, रबरी नळ्या, लाइनमधली हवा काढायचा हँडपंप, फिल्टर, टाकीतून डिझेल खेचणारा फीड पंप यांपैकी काहीही बिघडले तरी लक्षण हेच दिसते, आणि यांतल्या बहुतेक गोष्टी पंपाच्या ओव्हरहॉलिंगपेक्षा कितीतरी स्वस्तात सुटतात. म्हणून आधी तपासणीची पद्धत निवडायची असते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: मेकॅनिकल पंपाच्या गाडीला (पंप प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपने डिझेल पाठवतो) पारदर्शक नळी आणि वेगळा कॅन, कॉमन रेलच्या गाडीला (पंप एकाच सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब धरतो आणि तिथून इंजेक्टर डिझेल फवारतात) गाडीच्या संगणकातले कोड वाचणारा स्कॅनर आणि जोडीला इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे परत जाणारे डिझेल, मोजणे. पंप सोडवणे सगळ्यात शेवटी.

त्याआधी धूर बघा. गाडी ओढत नाही आणि मागून काळा धूर येतो, तर डिझेल भरपूर आहे आणि हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर चोंदला असेल, टर्बोची होज फाटली असेल. तिथे इंधनाच्या दाबामागे लागण्यात अर्थ नाही. धूर न काढता ताकद गेली, सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, आयडलला इंजिन वरखाली होते, तर मग पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

आणि फिल्टरच्या तळाचा नट किंवा कॉक सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, तासभर ठेवा. जून ते सप्टेंबर गोव्यातली हवा कशी असते हे सांगायला नको. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की ब्रीदरमधून (टाकीच्या हवेच्या तोंडातून) आत गेलेली दमट हवा पाणी होऊन तळाला बसते. लोखंडी टाकी आतून गंजते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात त्या थरात जंतू वाढून काळपट बुळबुळीत गाळ तयार होतो. बाटलीत तळाला पाणी, तांबूस गाळ किंवा असा साका दिसला तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय दुसरी कोणतीही तपासणी करू नका. नवा फिल्टर घातलात तरी थोड्याच दिवसांत तोही भरेल. (डिझेलमध्ये आता इथेनॉल मिसळतात म्हणून पाणी होते, असे पुष्कळ जण सांगतात. आपल्याकडे इथेनॉलची मिसळ पेट्रोलमध्ये होते.)

आता पद्धतींकडे. इथे पंपाचा प्रकार कळल्याशिवाय निवड करता येत नाही. मेकॅनिकल पंप दोन प्रकारचे: इनलाइन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दट्ट्या एका ओळीत, आणि रोटरी, म्हणजे एकच फिरता भाग सगळ्यांना डिझेल वाटतो. इनलाइन पंपाच्या अंगाला वेगळा फीड पंप असतो; तो टाकीतून डिझेल खेचतो आणि फिल्टरमधून पुढे ढकलतो. रोटरी पंपाचा फीड पंप त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे वेगळा पंप बसवलेला नसेल तर टाकीपासून पंपापर्यंत सगळी लाइन ओढीवर, म्हणजे डिझेल खेचून घेत, चालते. ओढीच्या लाइनला भेग पडली तर डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. सगळे कोरडे दिसते, म्हणून मेकॅनिक म्हणतो "लीकेज कुठेच नाही", आणि संशय पुन्हा पंपावर जातो. माझ्या मते आपल्याकडे निष्कारण सोडवलेल्या पंपांचे हेच सगळ्यात मोठे कारण आहे. समुद्राकाठच्या गाड्यांमध्ये तर चॅसीवरून जाणारा लोखंडी पाइप क्लिपच्या खालीच गंजतो, आणि क्लिप काढल्याशिवाय ते दिसत नाही.

पारदर्शक नळी आणि कॅन

पंपाच्या इनलेटच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी घाला, हवा काढा आणि इंजिन चालू करा. पहिले काही बुडबुडे जातीलच. पण ते येतच राहिले तर मागे कुठेतरी हवा शिरते आहे: हँडपंपाचा रबर, फिल्टरच्या बैठकीची रिंग, कडक झालेली होज, बँजो बोल्टचा (ज्याच्यातून डिझेल जाते त्या पोकळ बोल्टचा) जुना तांब्याचा वायसर. बुडबुडे नाहीत आणि तरी ताकद नाही, तर चोंदलेले काहीतरी शोधायचे. ही नळी तपासणीपुरतीच ठेवा. साधी प्लास्टिकची नळी डिझेलमध्ये काही दिवसांत कडक होते.

नळी हवा दाखवते, पण चोंदलेली जागा दाखवत नाही. ते काम कॅन करतो. स्वच्छ कॅनमध्ये चांगले डिझेल घ्या, टाकीची लाइन सोडून इनलेट कॅनला जोडा, रिटर्नही कॅनमध्येच सोडा. गाडी सुधारली तर दोष टाकी, जाळी किंवा लांबच्या पाइपात. नाही सुधारली तर फिल्टर, फीड पंप किंवा पुढे. इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: कॅन टाकीच्याच उंचीला हवा. बॉनेटवर किंवा टपावर ठेवला तर डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येते, थकलेल्या फीड पंपालाही मदत मिळते आणि निकाल खोटा निघतो. उभ्या गाडीवर ही तपासणी अर्धीच होते, थोडा माल भरून जवळच्या चढणीवर न्यावी लागते. तेव्हा कॅन हौद्यात पुढच्या कोपऱ्यात घट्ट बांधा, झाकण लावा, केबिनमध्ये ठेवू नका. टाकी हौद्यापेक्षा खाली असल्याने थोडी उंची राहतेच, म्हणून माल घेऊनही फरक पडला नाही तर तो निकाल पक्का समजा. फरक पडला तर उभ्या गाडीवर कॅन खाली ठेवून एकदा पडताळा.

गेज

इनलाइन पंपाला गेज फार उपयोगी. फिल्टरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा दाब घ्या; दोहोंत मोठा फरक म्हणजे फिल्टर चोंदला. दोन्हीकडे कमी म्हणजे फीड पंप किंवा त्याच्या मागचे. या बाजूचा दाब साधारण १ ते २.५ बारच्या घरात असतो, पण नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरा. रिटर्नची रबरी नळी क्षणभर दाबल्यावर दाब एकदम चढला तर जादा डिझेल परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग सैल झाली आहे, आणि तो भाग बदलणे अगदी सोपे आहे.

रोटरी पंपाच्या इनलेटवर मात्र प्रेशर गेज लावून काही कळत नाही, कारण तिथे दाबच नसतो. व्हॅक्यूम गेज लावावे लागते, आणि ते आपल्याकडच्या लहान गॅरेजांत सहसा नसते. म्हणूनच रोटरीवाल्यांनी नळी आणि कॅनवर भर द्यावा. शिवाय रोटरी पंपाच्या रिटर्नच्या बँजो बोल्टला मुद्दाम बारीक भोक ठेवलेले असते, आणि बॉशच्या पंपांत त्यावर इंग्रजीत 'आउट' कोरलेले असते. कोणी आधी काम केले असेल आणि तो बोल्ट चुकून इनलेटला गेला असेल, तर चांगला पंपही उपाशी राहतो. पाना हातात आहे तोवर हे बघून घ्या.

स्कॅनर

कॉमन रेलच्या पिकअपला स्कॅनरशिवाय सुरुवात करू नये. 'पी००८७' हा कोड म्हणजे रेलमधला दाब कमी. पण कोड वाचून थांबणारा मेकॅनिक असेल तर दुसरा शोधा. कारण कमी दाब चोंदलेल्या फिल्टरने होतो, हवेने होतो, पंपात जाणारे डिझेल मोजून सोडणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हने होतो, गळक्या इंजेक्टरने होतो आणि पंपानेही होतो. स्कॅनरवर मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारीशेजारी लावून माल भरलेली गाडी चढणीवर चालवायला हवी. मग प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावून आयडलवर बघायचे. एक बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरली तर पंप पाठवतो आहे ते डिझेल तो इंजेक्टर परत सोडतो आहे. या तपासणीला खर्च जवळजवळ नाही, आणि नवा पंप घालूनही दाब न चढलेल्या गाड्यांचे उत्तर अनेकदा इथेच सापडते.

जुन्या गाडीवर नोझलचा (इंजेक्टरच्या पाइपचा) नट सैल करून हवा काढायची सवय हाताला असते. कॉमन रेलवर इंजिन चालू असताना असे कधीही करू नका. तिथे दाब १६०० बारपर्यंत जातो, आणि केसाएवढी धार कातडी फोडून आत शिरते. जखम टिंबाएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. या गाडीची रिटर्नची नळी दाबून बघण्याचा प्रयोगही करायचा नाही.

टेस्ट बेंच

बेंच म्हणजे उतरवलेला पंप फिरवून मोजण्याचे पंपवाल्याकडचे यंत्र. मेकॅनिकल पंपाबद्दल ते देते तो निकाल अंतिम. किती फेऱ्यांना आतला दाब किती, कुठल्या लाइनला किती डिझेल, सगळे आकड्यांत दिसते. पण त्यासाठी पंप उतरवून म्हापसा, फोंडा किंवा मडगावला न्यावा लागतो, गाडी उभी राहते, आणि परत बसवताना टायमिंग पुन्हा लावावे लागते. म्हणून नळीत बुडबुडे नाहीत, कॅनवर फरक नाही, फिल्टर नवा आहे, फीड पंप ठीक आहे, एवढे झाल्यावरच हा खर्च करा. सोडवण्याआधी पंप आणि फ्लँजवर (पंप जिथे इंजिनाला बसतो त्या कडेवर) खूण करून घ्या, सगळी तोंडे झाकून घ्या. आणि पंपवाल्याला आधीच सांगून ठेवा की पंप खोलण्यापूर्वी जसा आहे तसा बेंचवर लावून त्याचे रीडिंग कागदावर द्यायचे. ते रीडिंग बरोबर आले तर पंप न खोलता परत आणा आणि टाकीपासून पुन्हा सुरुवात करा.