नॉनव्हेज सोडताय? मग सराफ्याला जाऊन याच

घरात मटण बंद केलं तेव्हा मोठा प्रश्न हाच की चमचमीत खायचं काय, नुसतं वरण-भात-भेंडी किती दिवस चालणार, आणि त्याचं उत्तर आपल्या इंदूरच्या सराफ्यात आहे हे मनापासून सांगते. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्यासमोरच खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा किस आधी घ्या, कोवळं कणीस किसून तुपात परततात मग दूध घालून आटवतात, हिंग-मिरचीचा वास लांबूनच येतो, वरून लिंबू न् कोथिंबीर, अहाहा!! हिवाळ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, बाहेरून कडक आत मऊ, गरमागरम असतानाच जिरावण मसाला भुरभुरून देतात, मटणवाल्यांना दाताखाली जे दमदार काहीतरी हवं असतं ना ते यात मिळतं, आमच्या ह्यांचा हट्ट गराडूनंच सुटला. एका गाडीवर तेल जुनं वाटलं, तेव्हा कढई बघूनच घ्या.

फक्त हे रोजचं जेवण धरू नका, यात प्रोटीन कमीच. घरी डाळी, हरभरे, पनीर, सोयाबीन हवंच, आणि दूध-दही अजिबात सोडू नका कारण व्हिटॅमिन बी१२ भाजीपाल्यातून मिळत नाही. सराफ्याला माझ्याकडून पाचपैकी पाच.