मोबाईल स्टार्टर, 14 महिने वापरल्यानंतर (विहीर, 5 एचपी पाणबुडी, जुन्नर तालुका)

नोव्हेंबर 2024 ला, दिवाळी झाल्या झाल्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारा डबा) बसवला, आता 14 महिने होऊन गेले. घ्यायच्या आधी मी ढीगभर व्हिडिओ बघितले होते पण ते सगळे बसवल्या दिवशीचे, डबा उघडला, सिम टाकलं, कॉल लावला, मोटर चालू, लाईक करा. पुढच्या उन्हाळ्यात त्या डब्याचं काय झालं, पावसात काय झालं हे कोणीच सांगत नाही म्हणून हे लिहायला बसलोय. लांबलंय, सावकाश वाचा. कंपनीचं नाव टाकत नाही, आमच्याकडे दुकानात तीन-चार कंपन्यांचे डबे मिळतात आणि आतून सगळे एकमेकांचे भाऊबंदच आहेत.

आमची परिस्थिती अशी. विहीर 52 फूट, पाणबुडी मोटर, साधा डीओएल स्टार्टर (बटण दाबलं की मोटर थेट लाईनवर घेणारा), अडीच एकर, त्यात कांदा, टोमॅटो आणि कडेला थोडा ऊस. विहीर घरापासून सव्वा किलोमीटर, मधे ओढा, आणि वाटेच्या दोन्ही बाजूला दुसऱ्यांचा ऊस. मी चाकणला कंपनीत शिफ्टला, गाव तिथून 45 एक किलोमीटर, त्यामुळे रानात सगळं आण्णा (वडील, वय 68) आणि आईच बघतात. थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. जुन्नर म्हणलं की बिबट्याचं वेगळं सांगायला नको, ऊसातच पिल्लं घालतोय तो. रात्री साडेबाराला लाईट आली की आण्णा बॅटरी, काठी घेऊन आणि मोबाईलवर मोठ्ठ्याने भजन लावून निघायचे आणि इकडे मी कंपनीत लाईनवर उभा, पोचले का, फोन का नाही आला. डबा घेतला तो ह्या एका गोष्टीसाठी. 4800 ला डबा, 500 वायरमनचे, सिम वेगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा डबा जुन्या स्टार्टरच्या शेजारी बसतो, तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि मोटर किती अँपिअर घेतीय ते मोजत राहतो आणि आपण फोन केला की हिरवं बटण दाबायचं काम तो करतो. कॉल लावला की मराठीत एक बाई बोलते, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा. लाईट आली, लाईट गेली, एक फेज गेला, की तोच उलटा फोन करतो. बॅटरी असते आत छोटी. आमच्यात माझा, आण्णांचा आणि मिसेसचा असे तीन नंबर टाकलेत.

पहिलं चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच लय चांगलं आहे. रात्रीच्या चकरा बंद. अगदी बंद नाही, दारं धरायला (वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला) कधीमधी जावंच लागतं, पण टोमॅटोला ठिबक आहे तिथे रात्री कोणी फिरकत पण नाही. दुसरं म्हणजे ड्राय रन, म्हणजे पाणी संपून मोटर कोरडी फिरायला लागली की डबा ती बंद करतो, हे मी घेताना गांभीर्याने घेतलंच नव्हतं आणि पैसे खरे त्यानेच वसूल केले. एप्रिल-मे मध्ये आमची विहीर तास-सव्वा तास चालते आणि मग तळ लागतो, परत पाणी साचायला दोन तास. आधी आण्णा काठावर बसून राहायचे, पाईपातनं पाणी फुरफुरायला लागलं की पळत जाऊन बंद करायचे, एक वर्षी डोळा लागला तर मोटर जळाली आणि रिवाइंडिंगला साडेसहा हजार गेले. आता काय होतं, आमची मोटर पाण्यावर 8 अँपिअर घेते, पाणी संपलं की लोड उतरतो आणि आकडा 5 वर येतो, डब्याला आपण 5.5 सांगून ठेवलंय, त्याच्या खाली गेलं की तो बंद करतो आणि दोन तासांनी स्वतःच परत लावतो. मागचा अख्खा उन्हाळा विहीर अशी थांबून थांबून उपसली आणि मोटरीला काही झालं नाही. अजून एक, जुलैत डीपीचं (आमच्या मोटारींच्या ट्रान्सफॉर्मरचं) काम झालं तेव्हा फेज उलटेपालटे जोडले गेले, आधी असतं तर मोटर उलटी फिरत राहिली असती आणि आम्ही म्हणलो असतो पाणी कमी का येतंय, ह्याने चालूच होऊ दिली नाही, फेज रिव्हर्सचा मेसेज टाकला, वायरमनने दोन वायरी बदलल्या, दहा मिनिटांचं काम.

आता वाईट.

पहिलं म्हणजे सिम. डबा टूजीवर चालतो त्यामुळे जिओचं सिम यात चालत नाही, त्यांचं टूजी नेटवर्कच नाहीये. दुसऱ्या कंपनीचं टाकलं तर त्या सिमला दर महिन्याला रिचार्ज, आणि रोज दीड जीबी नेट सोबत, अरे विहिरीवरचा डबा रात्री काय रील बघणारे का. जानेवारीत रिचार्ज संपलेलं कळलंच नाही, तीन दिवस मोटर लागली नाही आणि आम्ही नेटवर्कला शिव्या देतोय. मग ट्रायने (मोबाईल कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) डिसेंबर 2024 ला जो नियम काढला की फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं पॅक ठेवायलाच पाहिजे, 365 दिवसांपर्यंतचं देता येईल, त्यानंतर वर्षाचं पॅक मिळालं ते टाकलंय. घेणाऱ्यांनी हेच टाका, दुकानदार सांगत नाहीत.

दुसरं, ऑटो मोड. लाईट आली की मोटर आपोआप लागते. एका शेतकऱ्याने केलं तर सोय, पण आमच्या डीपीवर 14 मोटारी, आणि मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढते, साडेबाराला लाईट आली की 14 च्या 14 एकदम उठायला बघायच्या, व्होल्टेज झोपायचं, किटकॅट (फ्यूज) उडायचं, एकदा तर डीपीच जळाला आणि सगळ्यांचे आठ दिवस गेले ऐन टोमॅटोच्या तोडीत. शेवटी देवळात बसून ठरवलं की प्रत्येकाने डब्यात वेगळी वेळ टाकायची, पहिल्याने एक मिनिट, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने पाच, असं करत करत. आमचं अकरा मिनिटांवर आहे. पहिला नंबर कोणाचा यावरून भांडणं झाली ती वेगळीच.

पाल आत घुसून मरते, मुंग्या होतात, बारीक गोष्टी आहेत, डांबर गोळ्या टाका.

पण मला खरं लिहायचंय ते पुढचं आहे. मार्चमध्ये मी सकाळच्या शिफ्टला, दहा वाजता मोटर लावली, दुपारी स्टेटस बघितलं, मोटर चालू, तिन्ही फेज ओके, करंट 8.6. म्हणलं झकास. चार वाजता चुलत्यांचा फोन, अरे तुझं पाणी माझ्या कांद्यात तळं करून बसलंय. पाईपलाईनचा जॉइंट निसटला होता बांधाजवळ, सहा तास सगळं पाणी काढणीला आलेल्या कांद्यात. आमचे वाफे कोरडे ठाक. आणि गंमत म्हणजे त्या 8.6 मध्येच उत्तर होतं, पाण्याला पुढचा दाब राहिला नाही म्हणून मोटर जास्त पाणी फेकत होती आणि करंट रोजच्यापेक्षा अर्धा अँपिअर वर होता, पण डब्याच्या हिशोबात ते लिमिटच्या आत त्यामुळे सगळं ओके. त्याला मोटरीचं कळतं, पाणी कुठे चाललंय ते कळत नाही. आण्णा रानात असते तर पाच मिनिटांत ओरडले असते, दाऱ्यापर्यंत पाणी आलं नाही म्हणून. पण आण्णा घरी टीव्हीपुढे होते कारण मीच सांगितलं होतं, तुम्ही कशाला जाता उन्हाचं, मी लावतो इथून.

कांद्याची भरपाई चुलत्यांनी घेतली नाही पण दोन महिने बोलले पण नाहीत.

आणि पाणी जास्त दिलं जातं हे पण कबूल करतो. साडेसात एचपीपर्यंतचं बिल सरकारच्या मोफत वीज योजनेत 2024 पासून शून्य, रानात जायची चक्कर नाही, मग बटण दाबायला काय जातंय. आण्णा ढेकूळ हातात दाबून ठरवायचे, आज नको, परवा. मी चाकणला बसून कॅलेंडर बघून ठरवतो. मागच्या उन्हाळी कांद्याचं पाणी काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी तोडायला पाहिजे होतं, मी ऑटो काढायलाच विसरलो, वरतून दोन पाणी जास्त गेली. कांदाचाळीत भरला आणि ऑगस्टमध्ये वास यायला लागला.

सप्टेंबरमध्ये विजा झाल्या आणि डब्याच्या आतलं सर्किटचं कार्ड गेलं. वॉरंटीत होता, सर्व्हिसवाल्याने दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले. त्या नऊ दिवसांत आमच्या घरात काय झालं ते सांगतो. आधी लाईटचं वेळापत्रक आण्णांच्या तोंडपाठ असायचं, आजूबाजूचे चौघं त्यांना विचारून जायचे, आण्णा आज किती वाजता. आता तेच रस्त्यावर उभं राहून दुसऱ्यांना विचारत होते, कारण दहा महिने डबाच फोन करून सांगत होता. मी रजा टाकून गेलो. स्टार्टरपुढे उभा राहिलो, हिरवं बटण दाबलं, खट्ट करून लागली आणि सोडलं की पडली. परत दाबलं, परत पडली. मी बारा वर्षं मशीनवर काम करतो, पॅनल बघतो रोज, आणि माझ्याच विहिरीवर मला कळेना. आण्णा मागून आले, काही बोलले नाहीत, रिलेचं (करंट जास्त झाला की मोटर पाडतो तो) रिसेट अंगठ्याने आत दाबलं, हिरवं धरून ठेवलं, आणि कान पाईपाला लावला. म्हणले चढलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं, तीन-चार सेकंदांनी हौदात पाणी पडल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून दोन गोष्टी केल्या, फुकटात आहेत, तुम्ही पण करा. एक, वायरमनकडून बायपासचं (डबा बाजूला ठेवून हाताने मोटर लावायचं) स्विच बाहेर काढून घेतलं आणि वर खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिलं, डबा आणि हात. दुसरं, पोराला (सातवीत आहे) दर रविवारी हाताने मोटर लावायला लावतो. त्याला कंटाळा येतो, म्हणतो पप्पा फोनवरनं लागते की. ऑटो आता फक्त ठिबकच्या दिवशी, मोकळ्या पाण्याला ऑटो नाही, कोणीतरी दाऱ्यावर असेल तरच लावायची.

बाजूच्या गावाच्या फीडरला (विजेच्या मुख्य लाईनला) सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसाची लाईट झालीय, तिथल्या माझ्या मेव्हण्याने हाच डबा घेतला होता, तो म्हणतो आता नुसता लोंबकळतोय, दिवसा कोण फोन लावत बसतं. तुमच्याकडे दिवसाची लाईट असेल आणि घरचं माणूस रानात असेल तर ड्राय रनची सोय असलेला साधा पॅनल घ्या, पैसे वाचवा. रात्रीची लाईट आणि म्हातारं माणूस असेल तर विचार करू नका, घ्या. पाचपैकी चार देतो. एक कापला तो सर्व्हिसच्या नऊ दिवसांचा, कांद्याचा मी माझ्या नावावर धरतो.

आण्णा आता रोज सकाळी विहिरीवर जातात, लाईट असो नसो. परवा मी गावी होतो तर मागे मागे गेलो. स्टार्टरपासून दोन हातांवर उभे होते, हात पुढे केला असता तर बटण दाबलं असतं. खिशातून फोन काढला, नंबर लावला, कानाला धरून त्या बाईचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एक दाबला. डबा त्यांच्या कोपरापाशी खट्ट वाजला. मग फोन खिशात टाकला आणि कान पाईपाला लावला.