भाचीला कोणतं द्यावं?

"मामा, भुताखेताचं काहीतरी दे, पण शाळेत घडणारं," अशी अकरावीतल्या भाचीची फर्माईश. माझ्या कपाटात त्या जातीची दोनच पुस्तकं: स्टेफनी मायरचं 'ट्वायलाइट' (२००५) आणि पॅट्रिक नेसचं 'द रेस्ट ऑफ अस जस्ट लिव्ह हिअर' (२०१५). तुमच्याही घरी हाच प्रश्न असेल, तर माझा अनुभव सांगतो.

'ट्वायलाइट' मी २०१६च्या उन्हाळ्यात वाचलं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि पुस्तकात पानापानावर पाऊस. मला तर पिशाच्चापेक्षा तो पाऊसच अद्भुत वाटला! इंग्रजी सोपं. जीवशास्त्राच्या तासाला एका बाकावर बसलेल्या बेला आणि पिशाच्च एडवर्डचं अवघडलेपण झकास. पुस्तक हातातून सुटत नाही, हे कबूल.

पण एक गोष्ट खुपली ती खुपलीच. एडवर्डचा जन्म १९०१चा. १९१८च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, मरायला टेकला तेव्हा पिशाच्च झाला. एवढं आयुष्य काढून गडी पुन्हा अकरावीच्या बाकावर. बरं, बसतो तर नीट बसावं! ऊन पडलं की हा आणि याची पिशाच्च भावंडं दांडी मारतात आणि हजेरीपटाला त्याचं काही नाही. ट्यूशनला पाच मिनिटं उशीर झाला तर घरी फोन जातो, अशा आमच्या गावात हे पचायचं कसं? पुढे पुढे तर शाळा म्हणजे दोघांची भेटायची जागा, एवढंच उरतं.

नेसने उलटं केलंय. जग वाचवणारी पोरं त्याने प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर थोडक्यात उरकली. बाकीचं प्रकरण माइकी नावाच्या साध्या पोराचं आणि त्याच्या मित्रांचं. आई राजकारणात, बाप दारूत, बहीण जेवणाशी भांडून सावरत असलेली, आणि माइकी स्वतः हात धुता धुता अडकून पडणारा. गावात निळा उजेड दिसतो, पोरं मरतात. यांना घोर एवढाच, की पुन्हा कुणी शाळा उडवायच्या आत आपण पास होऊन बाहेर पडावं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३.५६ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी लातुरात दहावीला होतो. आम्ही अंगणात झोपायचो. मोठी माणसं पडलेल्या गावांची नावं घ्यायची आणि आम्ही पोरं हळूच एकमेकांना विचारायचो, "सहामाही पुढे जाईल का रे?" त्याची लाज वाटायची, कधी कुणाला सांगितलं नाही. माइकी भेटला तेव्हा ते आठवलं.

नुसती भीती हवी असेल तर नेस फिका वाटेल. खरी गंमत पलीकडच्या गल्लीत चाललीय, असं वाटत राहतं. दहावीच्या आतल्या पोरांना तो देऊही नये, असं आपलं माझं मत. आणि प्रेमकथाच हवी असेल तर 'ट्वायलाइट' घ्या, मी आड येणार नाही.

भाचीला मी नेसचं दिलं. 'ट्वायलाइट' तिने आठवीतच मैत्रिणीकडून आणून वाचलं होतं, हे आता कळतंय.