रीफ टँक लावताय? लाइटच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्या

घरात पहिल्यांदा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावणारे सगळे पहिलं काय विचारतात तर लाइट कुठला घेऊ, स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) कुठला घेऊ. माझं स्पष्ट म्हणणं आहे की त्याच्याही आधी हातात धरायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचं उपकरण, घ्या. मी वापरते तो ऑनलाइन सगळीकडे मिळणारा नेहमीचा, ० ते १०० पीपीटी (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) स्केलवाला, एटीसी (तापमानाचा फरक आपोआप सांभाळणारा) लिहिलेला. डबीत ड्रॉपर आणि छोटासा स्क्रूड्रायव्हर येतो, दोन हजाराच्या आत काम होतं.

वापरायला एकदम सोपा. प्रिझमवर टँकच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, वरची पारदर्शक पट्टी हळूच मिटायची, खाली बुडबुडा अडकला नाही ना ते बघायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वरती निळं आणि खाली पांढरं दिसतं, दोन्ही जिथे मिळतात ती तुमची सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा. रेषा ३५ वर आली, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२६ च्या आसपास, की पाणी कोरलसाठी बरोबर. खारटपणा मोजायचा काटेवाला प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त पडतो खरा, पण त्याच्या काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो, त्यामुळे रीफसाठी मी तो कुणालाच सुचवत नाही.

आता तक्रार. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की साध्या पाण्यावर शून्य सेट करा, झालं कॅलिब्रेशन. हे रीफसाठी पुरेसं नाही. यातल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलची पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी नसतेच, नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते, आणि ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी त्यात साधारण ३६.५ दिसतं. म्हणजे शून्य अगदी परफेक्ट आणि जिथे आपल्याला हवं तिथेच दीडचा फरक! म्हणून ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन सोल्युशन घ्या, त्याचे थेंब टाका आणि स्क्रू फिरवून रेषा बरोब्बर ३५ वर आणा. ते मिळालं नाही तर ९६.३५ ग्रॅम आरओ पाण्यात ३.६५ ग्रॅम साधं मीठ (सॉल्ट मिक्स नाही) विरघळवा, त्यालाही रेषा ३५ वरच आली पाहिजे. फक्त वजनकाटा ग्रॅमचे पॉइंट दाखवणारा हवा, किचनमधला चालणार नाही.

एवढा आटापिटा का, तर मुंबईचा मे महिना. रीफला पाणी २४ ते २६ डिग्री लागतं, चिलर सगळ्यांना परवडत नाही, मग टँकवर फॅन लावतात आणि त्याने पाणी भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं मागेच राहतं. १०० लिटरच्या टँकमधून ५ लिटर उडालं की ३५ चं जवळपास ३७ होतं, आणि वरून बघणाऱ्याला काहीही कळत नाही, मासे तसेच फिरत असतात, कोरल मात्र मिटून बसतात. कमी झालेलं पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरायचं, मिठाच्या नाही. आणि तेही किचनच्या आरओचं नको, त्यात चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बऱ्याचदा मुद्दाम वाढवलेला असतो. डीआय फिल्टर (उरलेले क्षारही काढणारा) लावलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं पाणी घ्या.

समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत कशाला, असंही लोक विचारतात. बाबांनो, किनाऱ्यालगतच्या पाण्यात नाले येऊन मिळतात, आणि पावसाळ्यात तर गोडं पाणी मिसळून सॅलिनिटी पार खाली येते. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम सॉल्ट मिक्स (टँकसाठीचं समुद्री मीठ) लागतं, पण ब्रँडप्रमाणे आणि पाकिटातल्या दमटपणाप्रमाणे ते बदलतं, त्यामुळे बादलीत पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून पूर्ण विरघळू द्यायचं आणि टँकमध्ये ओतायच्या आधी मोजायचंच. इथे हा रिफ्रॅक्टोमीटर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

आणि हो, आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. दुकानदार समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवंत जीव चिकटलेला प्रवाळाचा दगड) कितीही स्वस्तात देत असला तरी घेऊ नका. ड्राय रॉक (जीव नसलेला सुका दगड) घ्या, त्यात बॅक्टेरिया वाढू द्या, मासेही हॅचरीत वाढवलेलेच मागा, क्लाउनफिश तसे मिळतात.

काळजी एवढीच की प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर प्रिझम आरओ पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपायचा, नाहीतर मीठ सुकून बसतं आणि पुढचं रीडिंग चुकतं. मी पाचपैकी साडेचार स्टार देते, अर्धा कापला तो त्या कागदासाठी. ऑर्डर करताना ३५ पीपीटीचं सोल्युशन सोबतच मागवा.