बॅकप्लेट आणि विंग: आपल्या समुद्राला किती पुरते आणि उद्यमबागेत काय करून घ्यावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून डायव्हिंगला जाणाऱ्यांना समुद्र तसा जवळच आहे. आंबोली उतरलं की मालवण-तारकर्ली, चोर्ला उतरलं की गोवा, आणि खाली उत्तर कन्नडात मुर्डेश्वरहून बोटीने नेत्राणी. बहुतेक जण तिथे मिळेल ती भाड्याची जॅकेट बीसीडी (हवा भरून-सोडून तरंग सांभाळणारं जॅकेट) चढवून पाण्यात उतरतात. वर्षातून एकदा दोन डाइव्ह मारणाऱ्याने तेच करावं, त्याने काहीच विकत घेऊ नये. पण ओपन वॉटर हा पहिला कोर्स होऊन वीस-पंचवीस डाइव्ह झालेल्या आणि स्वतःचं सामान घ्यायच्या बेतात असलेल्या माणसाने जॅकेटच्या आधी बॅकप्लेट (पाठीवरचा धातूचा पत्रा), विंग (त्यामागची हवेची पिशवी) आणि एकसलग पट्ट्याचा हार्नेस या त्रिकुटाचा विचार करावा. हे परीक्षण त्याच जोडणीचं आहे: 3 मिलिमीटर जाडीची स्टीलची प्लेट, एका सिलिंडरसाठी 13 किलो उचल देणारी गोल विंग आणि 50 मिलिमीटर रुंदीचा नायलॉन पट्टा.

जॅकेटमध्ये हवा छातीभोवती आणि कुशीत भरते. ती फुगली की बरगड्या आवळतात, आणि मापं मात्र एस, एम, एल एवढीच, म्हणजे आपलं शरीर त्या मापात बसवून घ्यायचं. शिवाय अस्तर आणि गाद्यांमुळे बरीच जॅकेटं रिकामी असतानाही अर्धा ते एक किलो वर तरंगतात, आणि ते तरंगणं मारायला तेवढं शिसं जास्त लागतं. विंगमध्ये हवा पाठीमागे, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना राहते, त्यामुळे अंग पाण्यात आपसूक आडवं होतं. मालवणच्या गढूळ, वाळू उडणाऱ्या पाण्यात आडवं राहण्याला फार किंमत आहे. पाय खाली लोंबले की फिनच्या एका फटक्यात तळ ढवळतो आणि मागच्याला काही दिसत नाही.

खरेदीत सगळ्यात जास्त चूक होते ती विंगच्या उचलीत. ‘मोठी घेतली की सुरक्षित’ असं समजून लोक 20-25 किलोची विंग घेतात. ती जोडसिलिंडरसाठी असते. आपल्या समुद्राचा हिशेब करून बघा. आपल्याकडे बोटीवर मिळतो तो सहसा अॅल्युमिनियमचा 80 क्युबिक फुटांचा सिलिंडर, पोटात 11.1 लिटर, 207 बारला भरलेला. त्यातल्या हवेचं वजन साधारण पावणेतीन किलो. म्हणजे भरलेला असताना तो समुद्रात अर्धा-पाऊण किलो जड असतो आणि रिकामा होत आला की दीड-दोन किलो हलका होऊन वर ओढतो. पाणी उबदार, त्यामुळे अंगावर 3 मिलिमीटरचा सूट पुरतो. त्याची तरंग दोन-अडीच किलो. 20 मीटरवर दाब तिप्पट होतो, सूटमधले बुडबुडे चेपतात आणि त्यातली साधारण दीड किलो तरंग जाते. डाइव्हच्या सुरुवातीला तळाशी विंगने भरून काढायचं ते एवढंच: हवेचं वजन आणि सूटने गमावलेली तरंग, मिळून चार-साडेचार किलो.

दुसरी कसोटी पाण्याच्या पृष्ठभागावरची. अंगातून काढलेलं सामान एकटं तरंगलं पाहिजे. स्टीलची प्लेट पाण्यात सव्वादोन किलो, रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन) एक, भरलेला सिलिंडर पाऊण, सिलिंडरच्या बँडवर एखादा किलो शिसं, म्हणजे पाच किलो. दोन्ही कसोट्यांना 13 किलोची विंग दुपटीहून अधिक पुरते. याहून मोठी घेतली तर मोकळं कापड सिलिंडरभोवती वर वळतं, हवा एका कोपऱ्यात अडकते आणि सोडायच्या वेळी तोंड वर, पाय खाली करून शोधावी लागते. जाड 7 मिलिमीटरचा सूट किंवा ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) घालून थंड पाण्यात जाणाऱ्याचा हिशेब निराळा.

आकार गोल घ्यावा, घोड्याच्या नालेचा नको. नालेच्या विंगमध्ये हवा एका बाजूहून दुसरीकडे जायला वरून वळसा घेते, गोल विंगमध्ये ती खालूनही सरकते. आतली पिशवी युरेथेनची आणि बाहेरचं आवरण जाड कॉर्डुरा नायलॉनचं, चेनने उघडणारं असावं. चेन नसेल तर आतली पिशवी बदलता येत नाही आणि एका छिद्रापायी अख्खी विंग जाते.

प्लेट स्टीलची की अॅल्युमिनियमची? 3 मिलिमीटरची स्टील प्लेट अडीच किलोच्या आसपास भरते, तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची एक किलोच्या आत. मध्यम बांध्याचा, 70-75 किलोचा माणूस 3 मिलिमीटर सूटमध्ये जॅकेटबरोबर चार-पाच किलो शिसं लावत असेल, तर स्टील प्लेटवर त्याचं काम एक-दोन किलोत भागतं. कमरेवरचं ओझं पाठीवर, फुप्फुसांच्या वर जातं, आणि आडवं राहायला तेच हवं असतं. पण बारीक अंगाचा माणूस नुसता लायक्रा घालून उतरत असेल, तर स्टील प्लेटने तो शिसं न लावताच जड होऊ शकतो, आणि प्लेट काही पाण्यात टाकून देता येत नाही. त्याने अॅल्युमिनियम घ्यावी. सांबऱ्याहून विमानाने अंदमानला जाणाऱ्यांनाही तीच सोयीची, कारण देशांतर्गत प्रवासात सामानाची मर्यादा बहुधा 15 किलोच असते.

आता आपल्या गावाची गोष्ट. बॅकप्लेट म्हणजे शेवटी वाकवलेला, भोकं पाडलेला पत्रा. लेझर कटिंग, बेंडिंग प्रेस, ग्राइंडिंग, पॉलिश हे सगळं उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका फेरीत होतं. हॅलसियन, डाइव्ह राइट, एक्सडीप, एपेक्स अशा कुठल्याही कंपनीची विंग घेतली तरी मधल्या दोन भोकांतलं अंतर 11 इंच म्हणजे सुमारे 280 मिलिमीटर असतं. हे माप पाळलं की इथे बनवलेली प्लेट कुठल्याही विंगला बसते. मात्र तिथे चार गोष्टी ठणकावून सांगाव्या लागतात.

पहिली, पत्रा 316 ग्रेडचा हवा. 304 दिसायला सारखाच, पण त्यात मॉलिब्डेनम नसतं आणि खाऱ्या पाण्यात त्यावर तांबूस डाग आणि बारीक खड्डे पडतात. दुसरी, लेझरने कापलेली कड तशीच ठेवायची नाही. पट्टा ज्या खाचांतून जातो त्या खाचांच्या आतल्या कडा कानस मारून गोल करायच्या आणि मग 120 नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा. बोट फिरवून बघा. बोटाला कड लागली तर ती पट्ट्यालाही लागणार, आणि वर्षभरात खांद्याच्या खाचेपाशी पट्ट्याचे धागे सुटू लागतात.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्या ग्राइंडिंग चाकावर किंवा तारेच्या ब्रशवर आधी साधं लोखंड घासलंय, तेच स्टेनलेसवर फिरवलं तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. पहिल्याच डाइव्हनंतर प्लेट गंजते आणि मालक म्हणतो, पत्रा खोटा दिला. पत्रा खरा असतो, चाक जुनं असतं. नवीन चाक लावायला सांगावं आणि काम झाल्यावर पिकलिंग-पॅसिव्हेशन (आम्लाने धुऊन गंजरोधक थर परत आणणं) करून घ्यावं. चौथी, बोल्ट आणि विंगनटही स्टेनलेसचेच, पण कोरडे आवळू नयेत. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरलं की आटे एकमेकांत धरून बसतात आणि पुढे कापूनच काढावे लागतात. आट्यांना अँटी-सीझचा हलका हात पुरे.

पट्टा मात्र गावात शोधू नये. गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा सहज मिळतो, पण तो पातळ आणि गुळगुळीत असतो. तीन फटींच्या बक्कलमध्ये तो सरकत राहतो आणि डी-रिंग (सामान अडकवायची कडी) डाइव्हभर खाली उतरत जाते. हार्नेसचा पट्टा अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड, ताठ, आणि पाण्यात धरल्यावर आकार न सोडणारा असतो. एकसलग हार्नेसला साडेतीन-पावणेचार मीटर लागतो, पायांमधला पट्टा वेगळा. त्या पट्ट्याच्या टोकाचा फास शिवायचा असेल तर गाडीचे कुशनवाले जाड मशिनवर शिवून देतात. फक्त धागा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा बघून घ्या, सुती धागा खाऱ्या पाण्यात कुजतो. टॉर्चचं टोक आणि पट्ट्याचं मोकळं शेपूट अडकवायला पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब दोन-दोन इंचांची कापली की झालं. कंपन्या हेच रबर पैसे घेऊन विकतात.

बसवण्याचं काम घाईत करू नये. हार्नेस सूट घालूनच मापावा, बनियनवर नाही. प्लेटची वरची कड मानेच्या खालच्या उठावदार मणक्याच्या आसपास यावी. हात मागे नेऊन बोटाला ती लागली पाहिजे. खांद्याचा पट्टा इतकाच घट्ट की छातीपाशी खालून मूठ सहज जाते. ताठ आवळलेल्या पट्ट्यातून हात बाहेर निघत नाही, आणि ‘हा हार्नेस काढता येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. छातीच्या डी-रिंग काखेच्या रेषेच्या थोड्या वर, डाव्या कुशीची डी-रिंग कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, म्हणजे प्रेशर गेज लोंबत नाही. कमरेचं बक्कल मधोमध नको, जरा उजवीकडे घ्या. मध्ये ठेवलं तर पायांमधल्या पट्ट्याच्या डी-रिंगने ते उघडू शकतं. पट्टा पहिल्याच दिवशी कापू नये. चार-पाच डाइव्हनंतर माप ठरलं की वीतभर शेपूट ठेवून तापलेल्या सुरीने कापावा. कात्रीने कापलेलं टोक उसवत जातं.

वेट बेल्ट वापरत असाल तर तो पायांमधल्या पट्ट्याच्या वरून बांधा. खालून गेला तर बक्कल उघडलं तरी बेल्ट तिथेच अडकून राहतो, आणि टाकायची वेळ आल्यावरच ते कळतं.

सिलिंडरचे बँड आवळण्याआधी भिजवा. नायलॉन ओला झाला की सैल पडतो. कोरडा आवळलेला बँड पाण्यात सिलिंडर सोडतो. आवळल्यावर प्लेट धरून सिलिंडर उचलून हलवा, सरकला तर पुन्हा. पाण्यात पाय खाली जात असतील तर सिलिंडर दोन-तीन बोटं डोक्याकडे घ्या किंवा वरच्या बँडवर एक किलो लावा. डोकं खाली जात असेल तर उलट. शिशाची शेवटची तपासणी डाइव्ह संपताना करावी: सिलिंडरमध्ये 50 बार उरलेले, विंग पूर्ण रिकामी, श्वास नेहमीसारखा, आणि पाणी डोळ्यांच्या पातळीवर. बेळगावात तरणतलावात सराव करून शिसं ठरवत असाल तर समुद्रासाठी दोन-अडीच किलो वाढवा. खारं पाणी गोड्याहून अडीच टक्के जड आहे आणि सामानासकट माणूस 100 किलोच्या घरात जातो.

या जोडणीचा एक खरा तोटा आहे. पृष्ठभागावर बोटीची वाट बघताना विंग टम्म फुगवली तर ती पाठीमागून ढकलून तोंड पाण्यात घालते. पोटावर शिसं असेल तर जास्तच. उपाय म्हणजे गरजेपुरतीच हवा, शिसं मागे बँडवर, आणि अंग थोडं मागे टेकवून राहणं. ज्यांचे खांदे धरलेले आहेत त्यांनी एका खांद्यावर झटपट सुटणारं बक्कल जरूर घ्यावं. फ्लोरिडाचे गुहा-डायव्हर विल्यम होगार्थ मेन यांच्या नावाने ओळखली जाणारी हार्नेसची पद्धत एकही जादा बक्कल ठेवत नाही, आणि निरोगी खांद्यांना ती उत्तमच. पण त्यापायी बोटीवर दोघांनी धरून सामान उतरवायची वेळ येऊ देऊ नये.

आतली पिशवी, इन्फ्लेटर (विंगमध्ये हवा भरायचं बटण) आणि हवा सोडण्याचे व्हॉल्व्ह यांना मात्र गावात हात लावू देऊ नये. ट्यूबचं पंक्चर काढणाऱ्या सोल्युशनने युरेथेन धरत नाही. इन्फ्लेटरच्या बटणात मीठ किंवा मालवणची बारीक वाळू बसली की बटण दाबलेलंच राहतं, विंग आपोआप भरत जाते आणि माणूस वर उडतो. तेव्हा एका हाताने इन्फ्लेटरची नळी खेचून काढायची आणि दुसऱ्या हाताने मागच्या व्हॉल्व्हची दोरी ओढायची. हे डोळे मिटूनही जमलं पाहिजे. म्हणून जोड हाताला मोकळा मिळेल असा ठेवा, बंजीखाली (लवचिक दोरीखाली) दाबून बसवू नका.

घरी आल्यावर विंगमध्ये इन्फ्लेटरच्या तोंडातून दोन-तीन लिटर गोडं पाणी ओता, हलवा, उलटी करून खालच्या व्हॉल्व्हने काढून टाका, दोनदा. बेळगावचं राकसकोप तलावाचं नळाचं पाणी चालतं. बोअरचं जड पाणी टाळा, त्याचा चुना व्हॉल्व्हच्या सीटवर बसतो. मग अर्धी फुगवून सावलीत टांगा. जून ते सप्टेंबर समुद्र बंद असतो आणि बेळगावची झड कपाटातसुद्धा बुरशी आणते, तेव्हा विंग घडी घालून पेटीत ठेवू नका. अर्धी फुगलेली हँगरवर, पंख्याच्या खोलीत. महिन्यातून एकदा घट्ट फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ लागली तर बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्हमधून येत असतील तर झाकण फिरवून सीटवरचा वाळूचा कण काढा, कापडातून येत असतील तर ऑक्टोबरच्या आत नवी पिशवी मागवा.