आंधळगावची करवती साडी, सहा महिने नेसून झाल्यावर सांगते

मागच्या नवरात्रात भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला गेलो होतो तं जाऊबाई म्हणाल्या इथवर आलोच तं आंधळगावला जाऊ, कोसा (आपलं टसर रेशीम) बघून येऊ. नुसतं बघायचं ठरलं होतं. येताना मी 2000 रुपये ॲडव्हान्स देऊन आली.

दुकान म्हणावं असं काही नाही बरं का. घरच आहे. समोरच्या खोलीत खड्ड्याचा माग, विणणारे काकाजी पाय खड्ड्यात सोडून बसलेले, मागच्या खोलीत लोखंडी कपाटात सात-आठ साड्या. व्हरायटी पाहिजे असल तं इथं जाऊच नका. चहा मात्र दोनदा आला.

आता गंमत अशी की मी त्या दिवशी नेमकी एका प्रदर्शनातून 4500 ला घेतलेली "हँडलूम करवती" नेसून गेली होती, आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की माझ्याकडे एक आहे म्हणून. काकाजी काही बोलले नाही. काकूंनी हळूच माझ्या पदराचा काठ उलटा केला आणि मागे कापलेल्या धाग्यांची दशीच दशी. "बाई, हे मशीनचं व्हय." जाऊबाई अजूनही हसते.

मंग त्यांनी मागावर बसून दाखवलं. करवती म्हणजे काठावर करवतीचे दाते असतात तसं, एवढं आपल्याला माहीत असते, पण ते दाते येतात कसे ते मी पहिल्यांदा बघितलं. धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारे, तीन. दोन दोन्हीकडच्या काठाचे, एक मधल्या अंगाचा, आणि दर खेपेला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून वापस फिरवायचा. म्हणजे अंगाचा धागा काठात जातच नाही. म्हणून काठ गच्च एका रंगाचा दिसतो आणि साडी उलटी केली तरी तितकीच साफ. मशीनच्या काठात अंगाचा धागा आरपार जाते, त्यामुळे लाल काठ पिवळट मारते. घेताना काठातले धागे नखानं थोडे सरकवून बघा, उभा-आडवा दोन्ही एकाच रंगाचे पाहिजे. एवढं कळलं असतं तं माझे 4500 वाचले असते.

कोसा कुठला विचारलं. काकाजींनी खरं सांगितलं, बाणा (आडवा धागा) गडचिरोलीतल्या आरमोरीकडचा, ताणा (उभा धागा) मात्र बाहेरून आलेल्या सुताचा कारण आपला कोसा ताण्यात तुटते. मला हे आवडलं, नाहीतर "शंभर टक्के आपल्या जंगलातला" म्हणायला काय जात होतं. आरमोरीकडे ढिवर समाजाची लोकं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडतात आणि पाखरं, मुंग्यांपासून राखत दिवसचे दिवस जंगलात काढतात, हे माझ्या माहेरकडे बघितलेलं आहे. करवतीला जीआय टॅग (त्या भागाचाच माल म्हणून सरकारी ओळख) पण आहे म्हणे. त्या गल्लीत मात्र मागाची खटखट एकाच घरातून ऐकू येत होती.

साडी 8500 ला पडली. अंग कोशाच्या मूळ मधाळ रंगाचं, काठ मरून. पंधरा दिवस सांगितले होते, लागले सव्वा महिना, मधात दोनदा फोन केला तं "होऊन राहिली बाई, घाई असल तं दुकानातून घ्या" असं उत्तर! तेव्हा राग आला होता. पहिल्यांदा नेसली तं पुठ्ठ्यासारखी कडक, निऱ्या बसेना, तिसऱ्या नेसणीपासून अंगाला धरायला लागली. अधेमधे सुताच्या बारीक गाठी आहेत, नणंद म्हणे डिफेक्ट पीस दिला. डिफेक्ट नाही तो, हाताच्या सुताला गाठ राहतेच. पदर साधा आहे, लग्नात झगमग पाहिजे असल तं निराशा होईल. काठाचा रंग एकदा ओल्या रुमालाला किंचित लागला म्हणून आता ड्रायक्लीनच करते.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या फोनवरच्या उत्तराचा कापला.

जायचं असल तं सकाळीच जा, दुपारी आम्ही होतो तेव्हा लाइट गेली आणि रंग काही दिसेना. अन् भाव करायचा असल तं जाऊबाईसारखा करू नका, तिनं 300 कमी करून घेतले आणि घरी येऊन रात्री स्वतःच फोनपेवर वापस पाठवले. तिची हिरव्या काठाची अजून मागावरच आहे.