धरमपेठेतील पालक-वर्ग: चार शनिवार आणि एक तक्ता

नागपूरच्या धरमपेठेतील एका बालसंगोपन केंद्राने आईवडिलांसाठी घेतलेला चार शनिवारांचा वर्ग आम्ही दोघांनी नुकताच पूर्ण केला. आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. आंघोळ घालणे, लंगोट बांधणे, ढेकर काढणे हे पहिल्या दोन शनिवारांचे विषय आमच्या घरी आधीच अंगवळणी पडलेले होते, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

शुल्क वसूल झाले ते तिसऱ्या शनिवारी. नवरा-बायकोला वेगळ्या खोल्यांत बसवून घरातील व बाळाच्या चाळीस कामांचा एकच तक्ता दिला आणि प्रत्येक कामातील वडिलांचा वाटा दोघांनाही लिहायला सांगितला. लसीकरणापुढे नवऱ्याने ‘निम्मा’ लिहिले होते, कारण सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींना आम्हाला त्यानेच नेले होते. मी ‘नाममात्र’ लिहिले होते, कारण तारीख लक्षात ठेवणे, कार्ड सांभाळणे आणि तापाचे औषध घरात आहे ना हे आदल्या रात्री पाहणे माझ्याकडे होते. दोघांपैकी कोणीही खोटे लिहिले नव्हते. प्रशिक्षिकेने २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचा दाखला दिला, त्यानुसार स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७. परंतु हे लक्षात ठेवणे कोणत्या मिनिटांत धरायचे, हा आमचा प्रश्न तसाच राहिला. उलट, झबल्यांच्या नवऱ्याने घातलेल्या घड्या मोडून मी पुन्हा घालते आणि मग ते काम माझ्याच नावावर मांडते, हे मला सर्वांसमक्ष कबूल करावे लागले. (परतताना गाडीत त्याने हा विषय काढला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते.)

उणिवा आहेत. वर्गाच्या सूचना केवळ आयांच्या व्हॉट्सॲपवर येतात. एका वडिलांनी मऊ भात शिजवल्याचे सांगताच टाळ्या पडल्या. रोज तो शिजवणाऱ्या त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. उन्हाळ्यात दुपारी दोनची वेळ नागपुरात तान्ह्या बाळाला घेऊन निघण्याची नव्हे, आणि तेथील कूलर दोन खोल्यांना पुरत नाही. तक्त्याबद्दलही एक तक्रार आहे: मालिश, धुरी आणि दुपारची झोप आमच्याकडे सासूबाई पाहतात, पण त्यांच्यासाठी रकानाच नाही, त्यामुळे ही तिन्ही कामे नवऱ्याने ‘आई’च्या खात्यात लिहिली आणि ती आई नेमकी कोणाची, यावर आमची दहा मिनिटे गेली.